लायसन्स कपाटात, आम्ही घाटात

प्रवासाला निघायच्या आदल्या दिवशी आमच्या घरात एक विधी होतो. सगळी मूळ कागदपत्रं लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये जातात आणि त्यांच्या झेरॉक्स आमच्याबरोबर प्रवासाला निघतात. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. ते सांगलीला एका शाळेत हेडक्लार्क होते, आणि ‘ओरिजिनल घराबाहेर काढायचं नाही’ हे त्यांनी मुलाकडून पाढ्यांसारखं घोकून घेतलं होतं. मुलगा इंजिनिअर झाला, जर्मनीत आला, लुडविग्सहाफेनला रसायनांच्या कारखान्यात सेफ्टीचं काम करू लागला, त्यालाही आता पंचवीस वर्षं होऊन गेली. ओरिजिनल मात्र अजून घराबाहेर पडलेलं नाही. हा मुलगा म्हणजे माझा नवरा. मी त्यांना अजून अहोच म्हणते, त्यामुळे इथेही त्यांचा उल्लेख ‘हे’ असाच होणार.

जे अजून घडलेलं नाही ते कसं घडू शकेल याचा दिवसभर विचार करायचा, असं ह्यांचं काम आहे. ते काम ते संध्याकाळी घरी घेऊन येतात. कुकरची शिट्टी, गॅलरीतली कुंडी, जिन्यातली ओली छत्री, सगळ्यात त्यांना उद्याचा अपघात दिसतो. माणूस वाईट नाही. पण अशा माणसाबरोबर संसार करताना आपण सतत काहीतरी पाडणार आहोत असं वाटत राहतं, आणि मग खरंच पडतं.

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघंच पाच दिवस आल्गॉयला गेलो. आल्गॉय म्हणजे बव्हेरियाचा अगदी खालचा डोंगराळ कोपरा, जिथे जर्मनी संपत येते आणि आल्प्स सुरू होतात. बेत ह्यांचा. हायडेलबर्गहून रेल्वेने उल्म, तिथून छोट्या गाडीने झोन्टहोफेन, आणि तिथून भाड्याची मोटार. आमची स्वतःची मोटार चौदा वर्षांची आहे. “तिच्या ब्रेकवर माझा विश्वास आहे, पण सपाटीवर,” असं ह्यांचं मत. म्हणून भाड्याची. मुक्काम ओबरयोखच्या घाटापलीकडच्या एका गावातल्या गास्टहोफमध्ये, म्हणजे खाली खानावळ आणि वर राहायच्या खोल्या अशा घरात.

रेल्वेत हे खुशीत असतात. गाडीत शिरल्यावर त्यांनी आधी काच फोडायची लाल हातोडी कुठे आहे ते पाहून घेतलं, दारापर्यंतच्या रांगा मोजल्या, बॅग वरच्या फळीवर ठेवून तीनदा हलवून पाहिली आणि मग ते निवांत झाले. एकदा निवांत झाले की त्यांच्यासारखा सोबती नाही. स्टुटगार्टच्या आधीच मी तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या. समोरच्या आजीबाईंनी विचारलं, हे काय आहे, म्हणून त्यांना एक दिली. त्यांनी ती बारीक तुकडे करून अर्धा तास खाल्ली आणि मग पाककृती लिहून मागितली. ओव्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते आम्हा दोघांनाही आठवेना. ह्यांनी कागदावर ओव्याचं चित्र काढलं. ते चित्र जिऱ्याचंही असू शकलं असतं, पण आजीबाईंनी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

उल्मनंतर गाडी लहान झाली आणि खिडक्या मोठ्या. केम्प्टेनच्या पुढे एका वळणावर डोंगर एकदम समोर आले. हिरव्या उतारांच्या मागे करडे सुळके, आणि त्यांच्या मागे आणखी. ह्यांनी मांडीवरची निळी फाईल बाजूला ठेवली आणि खिडकीला नाक लावलं. मी मनात म्हटलं, चला, ट्रिप चांगली होणार.

निळ्या फाईलबद्दल सांगायला हवं. त्यात पारदर्शक कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी. तिकिटं, आरोग्यविमा, गास्टहोफचं बुकिंग, मोटारीचं बुकिंग, दोघांचे रक्तगट. माझं सगळं माझ्या पर्समध्ये कोंबलेलं असतं. कार्डं, कंगवा, बडीशेप, जुनी बिलं, सगळं एकत्र. त्यावरून ह्यांनी मला उल्मच्या फलाटावर एक छोटं व्याख्यानही दिलं होतं. मी ऐकून घेतलं.

झोन्टहोफेनला मोटारीच्या ऑफिसात काउंटरवर एक तिशीतली बाई होती. ह्यांनी फाईल उघडली, चौथा कप्पा, आणि लायसन्स तिच्यापुढे सरकवलं. तिने ते उचललं, उलटं केलं, नखाने कड तपासली.

“दास इस्ट आइने कोपी,” ती म्हणाली. ही तर झेरॉक्स आहे.

“गेनाऊ,” हे प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. अगदी बरोबर. “कलर. दोन्ही बाजूंनी. आणि लॅमिनेट केलेली.”

त्या बाईला आधी वाटलं हे चेष्टा करताहेत. मग तिने शांतपणे सांगितलं की ओरिजिनल लागेल. ह्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं की ओरिजिनल घरी आहे, लॉकरमध्ये, अगदी सुरक्षित. त्यांचा आवाज असा होता की ऐकून तिला बरं वाटावं. पंचवीस वर्षांत ह्यांना रस्त्यात एकदाही पोलिसाने थांबवलं नव्हतं. त्यामुळे प्रवासात झेरॉक्स चालते की नाही हा प्रश्नच कधी आला नव्हता. तो आत्ता आला. ह्यांचे कान लाल झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण चेहरा बघून गिळलं.

“आणि तुमच्याकडे?” बाईने माझ्याकडे बघून विचारलं.

माझ्या पर्समध्ये कंगव्याच्या खाली, बडीशेपेच्या पुडीला चिकटलेलं, माझं ओरिजिनल लायसन्स होतं.

“नाही नाही,” हे लगेच मराठीत म्हणाले. माझ्याकडे न बघता. “आपण बसने जाऊ.”

आता हे ‘नाही नाही’ कुठून आलं ते सांगते. मी मोटार चालवायला शिकले वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास. पास झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी ह्यांना शेजारी बसवून फिरायला नेलं. एका खेड्यात उजवीकडच्या गल्लीतून सायकलवर एक बाई येत होती. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा इथला नियम. मला ती दिसली होती. माझा पाय ब्रेकवर गेलाही होता. तेवढ्यात हे “थांब!” म्हणून ओरडले आणि त्यांनी मधला हँडब्रेक खसकन वर ओढला. मोटार आडवी झाली. सायकलवरची बाई उतरून माझ्या खिडकीशी आली आणि तुम्ही ठीक आहात ना, असं मलाच विचारू लागली. मी खाली उतरले, किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि चार किलोमीटर चालत घरी आले. तुम्ही शेजारी असताना मी पुन्हा स्टेअरिंगला हात लावणार नाही, असं त्या दिवशी सांगितलं आणि नऊ वर्षं पाळलं.

त्याच वर्षी मला हायडेलबर्गच्या वरच्या डोंगरात, ओडेनवाल्डमधल्या एका बालवाडीत नोकरी लागली. तिथे सकाळी सातला मुलं येतात, म्हणजे मला पावणेसातला पोचावं लागतं. नऊ हिवाळे मी तो वळणावळणाचा रस्ता चढले आहे, धुक्यात, बर्फात, एकदा तर समोर उभ्या राहिलेल्या रानडुकरासकट. पण हे सगळं मी एकटीने केलं. मी निघते तेव्हा हे दाढी करत असतात. त्यामुळे ह्यांच्या डोक्यात मी अजून त्या रविवारचीच होते, सायकलवालीसमोर आडवी झालेली. आणि खरं सांगायचं तर मला एवढंच हवं होतं की ह्यांनी एकदा आपणहून म्हणावं, तू चालवतेस ते बरं चालवतेस. बाकी काही नको होतं. सांगून म्हणून घेतलं असतं तर त्याला काही अर्थ नव्हता, म्हणून मी नऊ वर्षं सांगितलंही नव्हतं.

तर, ते ‘नाही नाही’ ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

“इख फारं,” मी काउंटरवर लायसन्स आपटत म्हणाले. मी चालवते. लायसन्सबरोबर थोडी बडीशेपही आपटली गेली.

मोटार पांढरी, लहान, ऑटोमॅटिक होती. बसल्याबसल्या ह्यांचा डावा हात दोन सीटच्या मध्ये गेला आणि चाचपडत राहिला. तिथे दांडा नव्हता. हल्लीच्या मोटारींत हँडब्रेकचं नुसतं बटण असतं, आणि ते माझ्या बाजूला होतं. मला मनातून इतका आनंद झाला की मी तो लपवण्यासाठी आरसे सारखे करत बसले.

“एक अट आहे,” मी म्हणाले. “घाट संपेपर्यंत बोलायचं नाही.”

“आणि समोरून काही आलं तर?”

“तर मला दिसेल.”

“आणि नाही दिसलं तर?”

“तर मग बोलून काय उपयोग?”

त्यांनी पट्टा ओढून पाहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि आम्ही निघालो.

ओबरयोखच्या घाटात शंभरावर वळणं आहेत. रस्ता गुळगुळीत, कडेला कठडे, पण वळण संपतं न संपतं तोच दुसरं सुरू होतं, आणि मोटरसायकलवाले तर तिथे मुद्दाम येतात. मला घाटाची भीती नव्हती. शेजारच्या सीटची होती. ह्यांनी शब्द पाळला, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण दर वळणाला दातांतून हवा आत ओढल्याचा आवाज यायचा, आणि उजवा पाय खालच्या गालिच्यात रुतायचा. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही हे त्या पायाला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या वीसेक वळणांपर्यंत मी ते आवाज मोजत होते. मग मोजणं सोडलं आणि मोटरसायकलवाल्यांच्या एका टोळीला पुढे जायला वाट करून दिली. शेवटच्याने हात वर करून आभार मानले. ह्यांनी तो हात पाहिलेला मी पाहिला.

अर्ध्या घाटात समोर गाई आल्या. सप्टेंबरात आल्गॉयमध्ये उन्हाळाभर डोंगरावर चरलेली गुरं खाली गावात आणतात. काहींच्या डोक्यावर फुलापानांचा भलामोठा मुकुट, गळ्यात हंडीएवढ्या घंटा. पोळ्याचा बैल डोळ्यांपुढे आणा, फक्त अंग तपकिरी आणि चाल अधिक आढ्यतेची. तीसचाळीस गाई आणि त्यांच्यामागे चामडी चड्ड्या घातलेले गुराखी. मी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. घंटांच्या आवाजाने मोटारीची काच थरथरू लागली. गाई दोन्ही बाजूंनी इतक्या जवळून चालल्या होत्या की त्यांच्या अंगाचा वास आत येत होता.

“आरसे मीट!” हे ओरडले. अट मोडली होती, पण सल्ला योग्य होता. मी बटण दाबलं, आरसे मिटले, आणि पुढच्याच क्षणी एका गाईचं शिंग आरसा होता त्या जागेवरून गेलं. दुसरी एक बॉनेटशी थांबली, तिने मानेची खाज बॉनेटच्या कडेवर यथेच्छ भागवून घेतली आणि आमच्याकडे बघत बघत निघून गेली.

“ओरखडा पडला असेल,” हे म्हणाले.

“पडू दे.”

“हो, पण विम्यात गाय येते का ते वाचायला हवं.”

हे म्हणाले आणि आम्ही दोघंही असे हसत सुटलो की मागच्या मोटारीतल्या बाईने खाली वाकून आमच्याकडे पाहिलं. मी ह्यांना मोटारीत असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. कारण मोटारीत ते नेहमी चालवत असतात, आणि चालवताना ते हसत नाहीत.

गास्टहोफच्या दारात पोचलो तेव्हा ह्यांनी उतरून आधी चारही चाकं पाहिली, मग बॉनेट. ओरखडा नव्हता. मालकीणबाईंनी विचारलं, घाटातून आलात का? “या,” म्हणजे हो, हे म्हणाले. मग थोडं थांबून, “माइनं फ्राऊ.” माझी बायको. बायको काय, ते काही सांगितलं नाही. मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली, पण हे बॅगा उचलून जिन्याकडे वळले होते.

संध्याकाळी ह्यांनी मुलीला फोन लावला. ती हायडेलबर्गलाच शिकते आणि आमचं घर तिच्या खोलीपासून दहा मिनिटांवर आहे. लायसन्स झेरॉक्सच्या रूपात प्रवासाला आलं आहे हे कळल्यावर ती बराच वेळ नुसती हसली. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र जर्मन. “पापा, दास इस्ट डॉख क्वाच!” काहीतरीच काय हे, असं तिचं म्हणणं पडलं. ते आम्हाला कळलेलंच होतं. आता लॉकर उघडून ओरिजिनल पोस्टाने पाठव, असं ह्यांनी सांगितलं. किल्ली कुठेय? किल्ली निळ्या फाईलमध्ये, सहाव्या कप्प्यात, आमच्याबरोबर आल्गॉयला. हे डोक्याला हात लावून बसले. दुसरी किल्ली तांदळाच्या डब्यात तळाशी असते, हे मला माहीत होतं, कारण ती मीच तिथे ठेवली आहे. मी गप्प बसू शकले असते. मनात आलंही. पण ह्यांचा चेहरा इतका पडला होता की मी सांगून टाकलं. दोन दिवसांत लायसन्स येईल असं ठरलं.

त्या दोन दिवसांत आम्ही खूप फिरलो. एका तळ्याकाठी गेलो, तारेवरच्या पाळण्यातून एका शिखरावर गेलो, चीज करणाऱ्या एका घरी जाऊन बशीभर चीजवर घरून नेलेली लसणाची चटणी घालून खाल्ली, ती चीजवाल्यांनाही दिली आणि त्यांचे डोळे पाणावलेले पाहिले. मी चालवत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या सीटवरून बाहेरचं दिसतं. “अगं, ते बघ, छपरावर दगड ठेवलेत!” “अगं, तो झरा बघ!” मी म्हणायचे, तुम्हीच बघा, मी रस्ता बघतेय. आमच्या संसारात हे वाक्य आजवर त्यांचं होतं. दातांतून हवा ओढणं कमी झालं होतं. उजवा पाय मात्र अधूनमधून कामावर जात होता.

आणि हे सारखे फोनवर पाकीट कुठवर आलं ते बघायचे. आता केम्प्टेनला आहे. आता निघालं. ते पाकीट जसजसं जवळ येत होतं तसतशी मी घुमी होत होते. शुक्रवारी जेवायच्या वेळी मालकीणबाईंनी ते आणून दिलं. ह्यांनी सुरीने ते नीट कापलं, लायसन्स काढून दिव्याखाली धरलं आणि लहान मुलासारखे खूश झाले.

“बरं झालं,” मी म्हणाले. अजिबात बरं झालेलं नव्हतं. ताटातल्या बटाट्याच्या सॅलडवर माझी वासनाच उडाली. मला किल्ली द्यायची नव्हती, बस्. पण ते तोंडाने म्हणायचं म्हणजे नऊ वर्षं धरून ठेवलेला मान सोडायचा, आणि मी काही कमी हट्टी नाही.

ऑफिसला फोन केल्यावर कळलं की करारात दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालायचं तर दोघांनी समक्ष यावं लागेल. शनिवारी ऑफिस बाराला बंद होतं. म्हणजे सकाळी पुन्हा घाट उतरून झोन्टहोफेन गाठायचं, नाव घालायचं, आणि पुढचे दोन दिवस हे चालवणार. “तुलाही जरा आराम,” हे म्हणाले.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. लायसन्स ह्यांच्या शर्टाच्या खिशात होतं आणि खिशाचं बटण लावलेलं होतं. नाश्ता भरपेट झाला होता. ओबरयोख ओलांडून मी घाट उतरायला सुरुवात केली. वर चढण्यापेक्षा उतरणं अवघड, म्हणून मी तयारीत होते की आता दातांचा आवाज सुरू होणार. पहिली पाचसहा वळणं गेली. आवाज नाही. आणखी दहा गेली. मला वाटलं ह्यांना बरं वाटत नाही की काय. एक सरळ तुकडा आला तेव्हा मी पटकन बाजूला पाहिलं.

हे झोपले होते. मान खिडकीकडे कललेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही तळवे मांडीवर उताणे. उजवा पाय बाहेरच्या बाजूला सैल पडला होता. पुढच्या वळणाला तर बारीक घोरणंही ऐकू आलं.

लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आहेत. टॅक्सीत, मित्रांच्या मोटारीत, खुद्द कारखान्याच्या ड्रायव्हरशेजारी, कुठेही मी ह्यांना डोळे मिटलेले पाहिले नाहीत. मी वेग कमी केला. वळणं अशी घेऊ लागले की मान हलू नये. बालवाडीतलं एखादं मूल मांडीवर झोपलं की मी अशीच बसते, पाय बधिर झाला तरी हलत नाही. तो सगळा घाट मी तशी उतरले, आणि मला आठवतं तसं, इतकं चांगलं मी आयुष्यात कधी चालवलं नसेल.

झोन्टहोफेन आलं. ऑफिसच्या अगदी दाराशी एक जागा रिकामी होती. मी इंडिकेटर लावला. टिकटिक सुरू झाली. घड्याळात पावणेअकरा वाजले होते, काचेतून काउंटरवरची तीच बाई दिसत होती. मी हातभर अंतरावर होते. मग मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ पुढे गेले.

कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. इमेनश्टाट ओलांडलं, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला लांबलचक निळं तळं आलं, त्यात पांढरी शिडं. त्याच्या पुढे एका खेड्यात रेल्वेचं फाटक पडलेलं होतं, तिथे थांबावं लागलं. आमच्या समोरून लाल गाडी धडधडत गेली आणि हे जागे झाले.

“आलं का ऑफिस?”

“मागे गेलं.”

ह्यांनी तळ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. “सव्वाअकरा. अजून पाऊण तास आहे. वळलीस तर गाठू.”

“मला वळायचं नाही,” मी म्हणाले. आवाज वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. “मला चालवायचंय. आजही आणि उद्याही.”

फाटक वर जायला लागलं होतं. ह्यांनी मागे वळून आम्ही आलो त्या बाजूच्या डोंगरांकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या पायाकडे.

“घाटात मी झोपलो होतो?”

“घोरत होतात.”

“सगळ्या घाटात?”

“सगळ्या.”

मी फाटक ओलांडून तिसऱ्या चढाला लागले होते तेव्हा हे काचेतून बाहेर बघत, जणू हवामानाबद्दल सांगावं तसं म्हणाले, “म्हणजे तू चांगली चालवतेस. माझ्यापेक्षा चांगली. माझ्या शेजारी बसून मी कधी झोपलो असतो?”

माझे डोळे एकदम भरून आले. समोरचा रस्ता, कुरणं, गाई, सगळं पाण्यात गेलं. पुसायला हात उचलला असता तर ‘दोन्ही हात स्टेअरिंगवर’ असं ऐकावं लागलं असतं, म्हणून डोळे तसेच वाहू दिले आणि चालवत राहिले.